छडी गेली, आता हातात काय?

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या व्याख्यानाला आपल्यापैकी प्रत्येकजण एकदा तरी बसलेला असतो. बहुतेक वेळा थर्ड इयरला, प्लेसमेंटच्या तोंडावर, सेमिनार हॉलमध्ये. त्यात एक स्लाइड हमखास असते: 'आयुष्यातल्या यशात बुद्ध्यंकाचा वाटा २० टक्के आणि भावनिक बुद्धिमत्तेचा ८० टक्के!' ही स्लाइड आली की मागच्या बाकांवरून टाळ्या पडतात, कारण केटीवाले तिथेच बसलेले असतात. मित्रहो, टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण तो आकडा तसा नाही. डॅनियल गोलमन या अमेरिकन लेखकाने १९९५ साली या विषयावर जे गाजलेले पुस्तक लिहिले, त्यात म्हटले होते ते एवढेच की यश ठरवणाऱ्या गोष्टींत बुद्ध्यंकाचा वाटा फार तर २० टक्के असेल, उरलेले ८० टक्के इतर गोष्टींचे. आता 'इतर' मध्ये घरची परिस्थिती आली, तब्येत आली, वशिला आला, नशीबही आलं. ऐकणाऱ्यांनी मात्र सगळेच्या सगळे ८० टक्के भावनिक बुद्धिमत्तेच्या खात्यावर जमा करून टाकले. असो.

मूळ कल्पना गोलमनची नव्हेच. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ती मांडली. त्यांच्या मते भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे गोड स्वभाव नव्हे, सहनशीलता नव्हे आणि सतत हसतमुख राहणे तर मुळीच नव्हे. ती एक क्षमता आहे. समोरच्याच्या आणि स्वतःच्या मनात काय चाललंय ते ओळखता येणं, त्या भावनेचा विचार करण्यासाठी उपयोग करून घेता येणं, ती का आली आणि पुढे कशात बदलेल हे समजणं, आणि शेवटी ती हाताळता येणं. राग आला तर तो गिळणं हे यात कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

क्षमता म्हटलं की ती शिकता येते. आणि शिकता येत असेल तर कुणीतरी शिकवायला हवी. म्हणून जगभर शाळांकडे बोट दाखवलं गेलं. पण गंमत अशी, की मुलांना भावना शिकवायच्या म्हणून पुस्तके छापली गेली, तक्ते लागले, तासिका ठरल्या, आणि ज्याने शिकवायचे त्या शिक्षकाला कोण शिकवणार हा प्रश्न मात्र सगळ्यांच्या लक्षात जरा उशिराच आला. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

आपल्याकडे हा प्रश्न कुठून सुरू होतो, तर कायद्यापासून. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक त्रासही देता येत नाही. दिला तर शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई. कायदा हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. छडी, कोंबडा, बाकावर उभे करणे, दोन बोटांमध्ये पेन्सिल धरून दाबणे या गोष्टींच्या आठवणी हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत निघतात आणि आपण त्यावर हसतोही. (हसतो, कारण आपण त्यातून पार पडलो. जे पाचवीत शाळाच सोडून गेले ते इथे हॉस्टेलवर नाहीत.) पण शिक्षकाच्या बाजूने बघा. त्याच्या गुरुजींनी त्याला छडीने शिकवलेलं. वर्ग शांत करायचा म्हणजे छडी टेबलावर आपटायची, एवढं एकच तंत्र त्याने लहानपणापासून पाहिलेलं. ते तंत्र कायद्याने काढून घेतलं. त्याच्या जागी काय दिलं? बऱ्याच ठिकाणी एक परिपत्रक.

मग छडीची जागा टोमण्याने घेतली. 'तुझ्या डोक्यात काय भरलंय रे?' 'बघा, आले आमचे रामानुजन!' टोमण्याचा वळ दिसत नाही, त्यामुळे तक्रारही होत नाही. कायद्यातला मानसिक त्रास तो हाच, पण तो सिद्ध कोण करणार?

आता एक साधा प्रसंग घ्या. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. चौथी आणि तिसरी एकत्र बसवलेली. चौथीतली मुलगी फळ्यावर भागाकार करते आहे. वरचा अंक खाली घ्यायला ती विसरते आणि पुढचं सगळं चुकतं. मागून दोघे खिदळतात. मुलगी खडू हातात धरून तशीच उभी. बाईंचं त्या वेळी काय चाललंय? सकाळपासून पोषण आहाराचे तांदूळ मोजून झालेत, अकराच्या आत कुठलीशी माहिती मोबाईलवरून भरून पाठवायची आहे, दुसरे सर मीटिंगला गेलेत, आणि हाच भागाकार कालही समजावून सांगितला होता. या मुलीची चूक आणि बाईंच्या तोंडून निघणारं पुढचं वाक्य यांच्यात फार तर तीन-चार सेकंद जातात. भावनिक बुद्धिमत्तेच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा सगळा खटाटोप खरं तर या तीन-चार सेकंदांसाठी आहे. मुलीला भागाकार येणार की नाही एवढंच तिथे ठरत नाही. फळ्यापाशी पुन्हा कधी जायचं की नाही हेही तिथेच ठरतं.

हे फक्त हळवेपणाने म्हणत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले. तिला आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि लगेच दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरे लांब होतात, 'येत नाही' म्हणणारे कमी होतात, आणि मुले आपण होऊन प्रश्नही विचारू लागतात. तीन सेकंद! आपल्या व्हायवात एक्स्टर्नल तीन सेकंद थांबले असते तर किती जणांचे कल्याण झाले असते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. पण हे वाटतं तितकं सोपं नाही. शांत वर्गात तीन सेकंद थांबणं शिक्षकाला फार जड जातं, कारण ती शांतता त्याला स्वतःचं अपयश वाटते. म्हणजे प्रश्न तंत्राचा दिसतो, पण अडतं ते शिक्षकाच्या मनात.

दुसरे उदाहरण गणिताचे, म्हणजे आपल्या जिव्हाळ्याचे. सायन बाइलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांची ११७ मुले. शिक्षिकांना स्वतःला गणिताची किती धास्ती वाटते हे मोजले. वर्षाच्या सुरुवातीला त्या धास्तीचा मुलांच्या गणिताशी काहीच संबंध दिसत नव्हता. वर्षअखेरीस मात्र, ज्या बाईंना गणिताची धास्ती जास्त त्यांच्या वर्गातल्या मुली 'गणित मुलग्यांना येतं, वाचन मुलींना' असं मानण्याकडे झुकलेल्या होत्या, आणि असं मानणाऱ्या मुलींचं गणितही मागे पडलं होतं. मुलग्यांवर असा परिणाम दिसला नाही. कुठल्याही बाईंनी वर्गात उभं राहून 'मुलींनो, गणित तुमचं काम नव्हे' असं सांगितलं नसणार. तरी ते पोचलं. अभ्यास लहान आहे, शिक्षिका १७ च, त्यावरून जगाचा नियम काढू नये. पण आपल्या मेकॅनिकलच्या वर्गातल्या मुली मोजल्या की तो आठवतो खरा.

तिसरा अभ्यास कॅनडातला, २०१६ चा. एव्हा ओबर्ले आणि किंबर्ली शोनर्ट-रायखल यांनी ४०६ मुलांच्या लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजले. त्यांच्या १७ शिक्षकांना कामाचा थकवा किती आहे हे विचारले. ज्या वर्गांचे शिक्षक जास्त थकलेले त्या वर्गांतल्या मुलांची सकाळची कॉर्टिसॉलची पातळी जास्त निघाली. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवता येत नाही; वांड वर्गामुळे शिक्षक थकले असेही असू शकेल. पण दोन्ही बाजू एकमेकींना जोडलेल्या आहेत एवढे नक्की. आपल्या भाषेत, हा फीडबॅक लूप आहे, आणि आपण त्यातल्या एकाच ब्लॉकवर, म्हणजे मुलांवर, सगळे प्रयोग करत आलो.

मग शिक्षकाला शिकवायचे म्हणजे नेमके काय? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 'रूलर' नावाचा एक कार्यक्रम तयार झाला. मार्क ब्रॅकेट हे त्यामागचे मुख्य नाव. सुरुवातीला त्यांनीही तेच केले जे सगळे करतात: मुलांसाठी अभ्यासक्रम लिहिला आणि शाळेत नेऊन दिला. शिक्षकांनी तो काही मनापासून घेतला नाही. ज्या माणसाला स्वतःच्या चिंतेबद्दल बोलायला अवघड वाटतं, तो तीस मुलांसमोर चिंतेवर तास कसा घेणार? मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी मुख्याध्यापक आणि शिक्षक स्वतः ही कौशल्ये शिकतात, आपसात वापरतात, आणि त्यानंतर ती वर्गात जातात. मुलांची पाळी शेवटी.

त्यातले एक साधन इंजिनिअरला लगेच कळेल असे आहे. त्याचे नाव मूड मीटर. साधा ग्राफ आहे. आडव्या अक्षावर किती बरं किंवा वाईट वाटतंय, उभ्या अक्षावर अंगात किती जोर आहे. चार चौकोन तयार होतात. जोर जास्त आणि वाईट वाटतंय तो लाल: राग, भीती. जोर कमी आणि वाईट वाटतंय तो निळा: उदासी, कंटाळा. जोर जास्त आणि छान वाटतंय तो पिवळा, जोर कमी आणि छान वाटतंय तो हिरवा. शिक्षक दिवसातून एकदोनदा आपण कुठल्या चौकोनात आहोत ते बघतो आणि त्याला शब्द देतो. बस्स, एवढंच. हे पोरकट वाटेल. पण लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूची छायाचित्रे घेऊन दाखवले, की रागीट वा घाबरलेला चेहरा दाखवून त्या भावनेला नाव द्यायला सांगितले तर मेंदूतल्या अमिग्डला नावाच्या भागाची खळबळ कमी होते. नुसते नाव देऊन!

इथे मात्र आपल्या भाषेचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते आपल्याकडच्या प्रशिक्षणांत तो सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. इंग्रजी तक्ता भाषांतर करून आणला की 'मी आनंदी आहे', 'मी दुःखी आहे', 'मी रागावलो आहे' अशी तीन-चार गुळगुळीत वाक्ये हाती लागतात. असं कुठलं मराठी मूल बोलतं? आणि आपल्याकडे शब्द काय कमी आहेत? रुसणं, हिरमुसणं, ओशाळणं, भेदरणं, बावरणं, वैतागणं, खट्टू होणं, कानकोंडं होणं, घुसमट, हुरहूर, रुखरुख, धास्ती. हे नुसते समानार्थी शब्द नाहीत. प्रत्येकासाठी शिक्षकाने करायची गोष्ट वेगळी आहे. रुसलेलं मूल रागावलंय, पण त्याला कुणीतरी मनवायला यावं असंही वाटतंय. त्याच्याजवळ गेलं की काम होतं. हिरमुसलेल्या मुलाची संधी हुकली आहे, त्याला समजुतीपेक्षा पुन्हा एकदा संधी हवी. ओशाळलेल्या मुलाकडे काही वेळ कुणी न बघणं हीच मोठी दया. त्याला जवळ घेऊन सगळ्यांसमोर 'काही हरकत नाही हं बाळा' म्हटलंत तर ते आणखी ओशाळतं. भेदरलेल्या मुलाला आधी घाबरण्यासारखं काही नाही हे दिसायला हवं, तोपर्यंत भागाकार डोक्यात शिरणार नाही. फळ्यापाशी खडू धरून उभी असलेली ती मुलगी यांपैकी कोण आहे? बाईंना ते ओळखता आलं तर पुढचं वाक्य आपोआप वेगळं निघतं. ओशाळलेली असेल तर 'इथपर्यंत बरोबर आहे, इथून पुढचं आपण सगळे मिळून करू' म्हणून वर्गाचं लक्ष तिच्यावरून फळ्याकडे वळवता येतं. भेदरलेली असेल तर आधी खिदळणाऱ्यांना थांबवावं लागतं.

आणखी एक. मेळघाटात किंवा सातपुड्यात मुलाची घरची भाषा कोरकू असेल, भिली असेल, पावरी असेल. त्याला 'हिरमुसला' हाही शब्द परका. तिथे शिक्षकाने मुलांकडूनच शब्द गोळा करायला हवेत. तक्ता पुण्याहून छापून पाठवण्याची ही गोष्ट नाही.

नाव दिल्यानंतरची पायरी हाताळण्याची. याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. आदर्श शिक्षक म्हणजे राग आला तरी चेहऱ्यावर न दाखवणारा, असं आपण समजतो. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांतून दिसते ते असे, की भावना चेहऱ्यावर दाबून धरली तर आतली धडधड कमी होत नाही, उलट त्या वेळी घडलेल्या गोष्टी नीट लक्षातही राहत नाहीत. त्यापेक्षा प्रसंगाचा अर्थ वेगळा लावून बघणे उपयोगी पडते. 'हिने काल ऐकलंच नाही' ऐवजी 'काल मी अंक खाली घ्यायची पायरी घाईत उरकली का?' हा नुसता चांगुलपणा नाही, बहुतेक वेळा तो जास्त अचूक अंदाज असतो. चूक कुठे झाली हे शोधणं म्हणजे डीबगिंगच. प्रोग्राम चालला नाही म्हणून कॉम्प्युटरला टोमणे मारणारा माणूस आपण फार वेळ सहन करत नाही.

हे सगळं वाचायला छान. प्रत्यक्षात शिक्षकांपर्यंत पोचवताना काय होतं ते इंग्लंडच्या अनुभवावरून कळतं. तिथे २००५ पासून प्राथमिक आणि २००७ पासून माध्यमिक शाळांत 'सील' नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. साहित्य भरपूर, पैसा बरा. शाळांना सांगितले की तुमच्या पद्धतीने करा. २०१० मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या नील हम्फ्री आणि सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळांची तपासणी केली: कार्यक्रम राबवणाऱ्या २२ शाळा, तुलनेसाठी १९ शाळा. मुलांच्या भावनिक-सामाजिक कौशल्यांत काही फरक सापडला नाही. शाळाशाळांत अंमलबजावणी इतकी वेगवेगळी होती की काही ठिकाणी तो कार्यक्रम फक्त नावापुरता उरला होता. याउलट २०११ साली जोसेफ डर्लॅक आणि सहकाऱ्यांनी २१३ कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, त्यात चांगला फायदा दिसला, अगदी अभ्यासातसुद्धा. आणि शाळेतल्या नेहमीच्या शिक्षकांनी घेतलेले कार्यक्रमही चांगले ठरले, बाहेरचे तज्ज्ञच हवेत असे नाही. मात्र अंमलबजावणीत अडचणी आल्या तिथे फायदा घटला. म्हणजे कल्पना चालते, पण पेटी उघडून साहित्य वाटलं की चालते असं नाही.

आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण दिल्लीचे. २ जुलै २०१८ रोजी दलाई लामांच्या उपस्थितीत दिल्ली सरकारने हॅपिनेस करिक्युलम सुरू केला. नर्सरी ते आठवी, रोज एक तासिका, परीक्षा नाही, गुण नाहीत. सुरुवातीला काही मिनिटे डोळे मिटून शांत बसणे, मग गोष्ट किंवा कृती आणि त्यावर गप्पा. २०२० च्या फेब्रुवारीत मेलानिया ट्रम्प असा एक तास बघायला गेल्या तेव्हा तो एकदम बातम्यांत आला. आपल्या कॉलेजमधल्यांना त्यात एक ओळखीची गोष्ट सापडेल. त्या अभ्यासक्रमामागचा विचार अमरकंटकच्या ए. नागराज यांच्या मध्यस्थ दर्शनातून आलेला होता. आणि फर्स्ट इयरच्या इंडक्शनमध्ये आपल्याला जे युनिव्हर्सल ह्यूमन व्हॅल्यूज शिकवले जाते, त्याचीही मुळे तिथेच आहेत! म्हणजे दिल्लीतली तिसरीतली मुलं आणि आपण एकाच पाण्यावर वाढलो म्हणायचे. आपल्यापैकी किती जण त्या तासाला जागे होते हा प्रश्न वेगळा. पण जागं ठेवणारे सर आणि झोपवणारे सर यांच्या हातात पीपीटी एकच होती, हे दोन वेगवेगळ्या बॅचच्या मुलांनी एकत्र बसून ताडून पाहावे.

महाराष्ट्रात शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत मूल्यवर्धन सुरू केले. पुढे राज्य शासनाबरोबर ते राज्यभर गेले. त्यात उपदेशाऐवजी मुलांनी जोडीत, गटात बोलायचे, आपापसातले भांडण कसे मिटवायचे ते ठरवायचे, असा भर. मला त्यातली ही एक गोष्ट मोलाची वाटते, की शिक्षकाला बोलायला कमी आणि ऐकायला जास्त लावलंय.

पण राज्यभर जायचे म्हटले की आपली ती प्रसिद्ध पद्धत येते. राज्यस्तरावर तज्ज्ञ शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला, केंद्र शाळेला. प्रत्येक टप्प्यावर दिवस कमी होतात. वर पाच दिवसांचे असते ते खाली येईपर्यंत दीड दिवसाचे होते, आणि त्या दीड दिवसात उद्घाटन, चहा, उपस्थितीपत्रकावर सह्या आणि आभार प्रदर्शन. रिपीटर नसलेल्या केबलमधून सिग्नल पाठवल्यासारखे आहे हे. माहिती एक वेळ पोचेल. पण 'भेदरलेल्या मुलासमोर आवाज कसा ठेवायचा' ही गोष्ट माहिती नाही. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब केलेला प्रत्येकजण हे जाणतो. कानस कशी धरायची हे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं, आपण जर्नलमध्ये उतरवलं, आणि तरी पहिला जॉब वाकडाच झाला. इन्स्ट्रक्टरने मागून येऊन कोपर धरून दाखवला तेव्हा कुठे पृष्ठभाग सपाट यायला लागला.

शिक्षक-प्रशिक्षणात कोपर धरणाऱ्या माणसाचे महत्त्व ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते. नुसते व्याख्यान, किंवा व्याख्यान आणि प्रात्यक्षिक, यांतून वर्गात फारच थोडे उतरते. परतल्यावर कुणीतरी वर्गात येऊन बघणे आणि त्यावर बोलणे हे जोडले की मगच नवीन पद्धत अंगवळणी पडते. आपल्याकडे वर्गात येऊन बघणारा माणूस म्हणजे तपासणी! टाचण पूर्ण आहे का, हजेरीपट भरलाय का. अशा माणसासमोर कुठल्या बाई म्हणतील, की आज माझा त्या मुलीवर फार आवाज चढला, मी काय करायला हवं होतं?

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, शिक्षकाच्या सगळ्या त्रासावर ध्यान हा उपाय नाही. ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिरियड' या मोठ्या प्रयोगात शिक्षकांना आधी स्वतःसाठी आणि मग मुलांसाठी माइंडफुलनेस शिकवले होते. ८४ शाळा आणि ८,३७६ मुले. मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शाळांपेक्षा फरक पडला नाही. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला आणि शाळेचे वातावरण थोडे सुधारले. म्हणजे शिक्षकाला फायदा झाला म्हणून तो मुलांपर्यंत आपोआप झिरपतो असेही नाही; भागाकाराच्या तासात, फळ्यापाशी तो वापरला जायला हवा. आणि रिक्त पदे भरली नाहीत, दोन इयत्ता एकाच्याच गळ्यात, निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत सगळी कामे मागे, अशा माणसाला 'खोल श्वास घ्या' म्हणणे हा चक्क विनोद आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. भावना हाताळणे म्हणजे अन्याय सहन करणे, असा अर्थ वर्गात फार चटकन लागू शकतो. एखाद्या मुलाला पाण्याच्या माठापासून दूर ठेवले, जातीवरून चिडवले, आणि तो चिडून मारामारीवर आला. त्याला मूड मीटरवर लाल चौकोन दाखवून दहा आकडे मोजायला लावणे हे भावनिक शिक्षण नाही. त्याचा राग बरोबर आहे. तिथे शिक्षकाने आधी माठापाशी काय चाललंय ते थांबवायचं असतं. प्रशिक्षणात हे स्पष्ट सांगितलं गेलं नाही, तर गरीब मुलांना गप्प बसवायचं आणखी एक गोड साधन आपण शिक्षकाच्या हाती देऊ. प्रगतिपुस्तकात 'भावनिक बुद्धिमत्ता: १० पैकी ६' असा रकाना निघाला तर त्यातून हेच होणार. ज्या मुलाचा बाप दारू पिऊन रात्री मारतो त्याला चार गुण आणि ज्याच्या घरी सगळं नीट आहे त्याला नऊ.

मग करायचं काय? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणते, की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावे. तासांचा तुटवडा आहे असे वाटत नाही. त्यातले थोडेसे, समजा १० तास, बसून शिकण्यासाठी द्यावेत: ग्राफ, शब्द, थांबायचा सराव, आणि एकमेकांसमोर फळ्याचा प्रसंग करून बघणे. एक शिक्षक मुलगी होईल, एक बाई होतील, दोघे मागून खिदळतील. मोठी माणसे हे करताना आधी लाजतात, मग रंगतात. उरलेले तास वर्गातच जावेत. द्विशिक्षकी शाळेत सरांनी बाईंच्या तासाला आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे मागे बसायचे आणि फक्त दोन गोष्टी लिहायच्या: प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबलात, आणि चुकलेल्या मुलाला पहिले वाक्य काय बोललात. जसेच्या तसे वाक्य, शेरा नाही. पुढच्या आठवड्यात बाई सरांच्या तासाला. सरांचा वर्ग तेवढा वेळ सोडवलेल्या उदाहरणांत गुंतवून ठेवावा लागेल, ते जमतं, एरवीही मीटिंगच्या दिवशी तेच चालतं. ही वही वर पाठवायची नाही, केंद्रप्रमुखांनाही दाखवायची नाही. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत ज्याला वाटेल त्याने त्यातलं आपलंच एखादं वाक्य वाचून दाखवावं आणि विचारावं, की याच्या जागी दुसरं काय बोलता आलं असतं. पंधरा शाळांचे शिक्षक त्या खोलीत असतात. त्यातल्या कुणाला तरी सुचतंच.